कप्तानीची शेंग

कप्तानीच्या पाकळीला कडेने अकरा केस असतात. छापील चित्रात नऊच होते, कारण चित्रकाराने ते दादाच्या सांगण्यावरून काढलं होतं.

दादाला सगळे कप्तान म्हणत. बारा वर्षांपूर्वी त्याने एका उंच कड्यावरून ते निळं फूल खुडून आणलं आणि फुलाचं नाव कप्तानी पडलं. पुढे तो शब्द कोशातही शिरला : ‘कप्तानाने प्रथम पाहिलेले फूल.’ प्रथम! खालून दुर्बिणीतून ते आधी त्याच्या धाकट्या बहिणीने पाहिलं होतं, बोट दाखवलं होतं. दादा फक्त चढला. तेव्हापासून तो शब्द कानी पडला की तिच्या पोटात दुखायचं.

आता ती वनस्पतिशास्त्रज्ञ झाली होती; या वनस्पतीची शास्त्रीय नोंद तीच करणार होती, म्हणजे नाव ठरवण्याचा मानही तिचाच. स्वतःचं नाव देणं या विद्येत बरं दिसत नाही; पण दादाचं पुसून टाकणं तर हातात होतं! नोंदीला फक्त पिकलेली शेंग हवी होती. त्यासाठीच दोघं पुन्हा त्या कड्याकडे निघाली होती. नाव काय देणार, हे दादाला सांगणं मात्र ती वर्षभर टाळत आली होती.

तिसऱ्या दिवशी ओढा छातीपर्यंत चढला. चौथ्या दिवशी कड्याखाली दगड घसरला आणि दादाचा गुडघा सुजला.

“तूच चढ आता,” दोर धरत तो म्हणाला. “आणि शहाणपणा करू नकोस.”

“शहाणपणाचा मक्ता कप्तानांकडे, ठाऊक आहे!”

शेंग दोन हातांवर राहिली आणि दोर संपला. हाक मारली असती तर तो लंगडत वर सरकला असता. पण पुन्हा त्याचेच उपकार? तिने कमरेची गाठ सोडली. वर सरकली. शेंग खुडून दातांत धरली.

पाय सुटला!

बोटं एका भेगेत अडकली. खाली नुसतं धुकं. ओरडावं तर तोंडात शेंग!

दोराचं मोकळं टोक खाली आलं तसा दादा समजला. सुजल्या गुडघ्यानिशी तो चढला. सुळक्याला दोर अडकवून त्याने फास वर फेकला. “गाढवे! हात घाल त्यात!”

त्याने तिला ओढून खालच्या कपारीत घेतलं. दोघं धापा टाकत बसली. वाचवलंही यानेच! तिचा जळफळाट झाला, आणि तरी त्याचा सुजलेला गुडघा तिने आपल्या रुमालाने घट्ट बांधला.

“आता तरी सांग,” दादा म्हणाला, “नाव काय देणार?”

तिने दातांतली शेंग काढली.

“कप्तानीच. पण खाली लिहीन, दादा : प्रथम पाहिली बहिणीने.”