तोटीवरचं बोट

अथेन्सच्या एका विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाच्या किल्ल्या गेली बावीस वर्षं माझ्या कमरेला आहेत. मी आर्गिरो. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी फडकं घेऊन सरळ कामाला लागते.

पोलिक्सेनी व्राना आमच्या प्राध्यापक. जुन्या ग्रीकांनी काळाचा काय विचार केला, याच्यामागे बाईंनी चाळीस वर्षं घातली. बाई म्हणजे सोनं! त्यांच्या टेबलावर मातीचा घडा असे, बुडाशी बारीक तोटी. पाणी संपलं की तास संपला. जुन्या न्यायसभेत बोलणाऱ्याला असंच मोजून पाणी मिळे. साक्ष वाचताना मात्र तोटी बंद, कारण दुसऱ्याचे शब्द आपल्या वेळेत धरायचे नाहीत. वर्गात जुना उतारा आला की बाई म्हणत, "आर्गिरो, बोट!" आणि मी तोटीवर बोट ठेवायची.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाकी होतं.

त्याच आठवड्यात बाई आपल्या खोलीत जुने उतारे वाचत होत्या. तोटीवर बोट धरून माझा हात भरून आला. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, तर बोट ठेवताना होते तेवढेच वाजलेले. मी सेल बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस पानं वाचली आणि सुरुवातीला आणलेली कॉफी अजून चटका देत होती.

"बाई, मला भीती वाटते."

"अगं, मोजणारं कुणी नसेल तर काळ असतो का, हे जन्मभर विचारतेय. ग्रंथालयं पालथी घातली, आणि उत्तर तुझ्या बोटाखाली!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"मग लिहा की. मी धरून बसते."

त्यांनी पहिलं वाक्य लिहायला घेतलं आणि बोटाच्या कडेनं पाणी फुटलं. मी सगळी ताकद लावली, तरी थांबेना.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या वाक्याला पाणी द्यावंच लागतं."

मी भरायला तांब्या उचलला, तर त्यांनी हात धरला. "एका बोलण्याला एकच घडा. हे माझं शेवटचं बोलणं."

मग त्या वाचत, विचार करत, तेव्हा मी बोट ठेवी. लिहायला लागल्या की काढी. किती दिवस तसे बसलो, देव जाणे. खिडकीतलं ऊन जागचं हललं नाही.

तळाशी ओंजळभर पाणी उरलं.

"बाई, आता वाचतच राहा. हात गळून पडला तरी मी बोट काढत नाही!" मला रडू फुटलं.

"आणि माझं शेवटचं वाक्य?"

मी बोट आणखी घट्ट दाबलं.

"काढ, आर्गिरो."

मी काढलं. त्यांनी लिहिलं, पूर्णविराम दिला. शेवटचा थेंब पडला. बाईंची मान टेबलावर टेकली.

बाई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, त्यांच्या नावानं चर्चमधून आणलेले उकडलेले गहू विभागात वाटले. त्यांचा विद्यार्थी फोटिस ते प्रकरण मोठ्यानं वाचू लागला. घडा मीच पुसून टेबलावर पालथा वाळवला होता, आता सुलटा ठेवला होता. बाईंचे शब्द आज दुसऱ्याच्या तोंडी होते, म्हणून सवयीनं मी कोरड्या तोटीवर बोट ठेवलं.

आतून गार पाणी बोटाला दाबू लागलं.