रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

भुतं रात्रीच येतात, असं कुणी सांगितलं? ही गोष्ट खरी आहे आणि भर दुपारची आहे. गेल्या मे महिन्यातली, आमच्या तारकर्लीची. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मी जॉयसीच्या शेजारी राहतो. त्या दुपारचा तिचा चेहरा मी पाहिलाय.

जॉयसी स्कूबावाल्यांचे व्हिडिओ एडिट करते. तिचे पप्पा, लिनो, वारले त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांच्या आवाजाचं घरात एकच रेकॉर्डिंग. पुढच्या खोलीत सगळ्यांनी मिळून व्हायोलिनच्या साथीने गायलेली लादीन, म्हणजे घरात गातात ती प्रार्थना. वर्षाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ती सगळ्यांना ऐकवायची, असं तिच्या मम्मीने, कार्मेलिनाबायने, ठरवलं होतं.

पण गाण्यामागे गुणगुण होती.

जॉयसीने कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख उघडला. तळाला विजेची घरघर दिसली, ती तिने काढली. तरी वर एक बारीक रेघ उरलीच...

कसली?

मम्मी बाजारात गेलेली. जॉयसीने पंखा बंद केला. इन्व्हर्टर बंद. मासळी ठेवलेला फ्रीजसुद्धा बंद. लादीन रेकॉर्ड केली होती त्याच टेबलावर तोच रेकॉर्डर ठेवला आणि श्वास रोखून रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं.

रेघ तिथेही होती...

"गेला हा रेकॉर्डर कामातून!" ती वैतागली. तिने ती रिकामी शांतता सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दिली. नमुन्यात जे असेल, तेवढंच ते गाण्यातून काढून टाकतं.

रेघ गेली.

मम्मीचा आवाज स्वच्छ. व्हायोलिन स्वच्छ.

पण पप्पा...

पप्पांचा आवाजच नव्हता!

तिने मूळ फाईल लावली. होते, त्यात पप्पा होते! मग तिचं लक्ष त्या नमुन्याकडे गेलं. त्यात पप्पा असल्याशिवाय ते गाण्यातून गेले कसे?

तिने नमुना लावला आणि आवाज पूर्ण वाढवला.

खरखर... खरखर... आणि मग अगदी जवळून...

"जॉयसी, फ्रीज चालू कर गो. म्हावऱ्याक वास येतलो."

पोरगी किंचाळत आमच्या अंगणात आली.

मिस्साच्या दिवशी लादीन गुणगुणीसकट वाजली. जॉयसीने तिला परत हात लावला नाही.

कार्मेलिनाबायने मात्र तो नमुना ऐकला. घाबरली नाही, रडली नाही. तेव्हापासून ती रोज दुपारी फ्रीज बंद करते आणि पुढच्या खोलीत एकटीच बसते.

"मम्मी, म्हावरां सडतला!" जॉयसी ओरडते.

"सडूं दे. माझ्याकडेय बोलूंदेत मां एकदा."

परवा जॉयसी आत गेली. मम्मी खुर्चीत डोळे मिटून बसलेली. आणि स्वयंपाकघरात... फ्रीज घरघरत होता.

"मम्मी, फ्रीज कोणी लावल्यान?"

"मी जाग्यावरसून उठूकच नाय गो."

मग पहिल्यांदा मम्मीचा बांध फुटला.

"फ्रीज लावल्यानी... पण माझ्याकडे एक शब्द बोलूक नायत!"

आत्ता हे लिहितोय, तेव्हा दुपारच आहे. त्यांचा फ्रीज जुना, घरघर आमच्या पडवीपर्यंत येते.

आताच ती थांबली...

मी कान देऊन बसलोय.