निळ्या काठाचं भांडं

दक्षिणेतल्या कॅटल्पा बेंड या खेड्यात आल्यापासून पाचव्या दिवशी कोरिनच्या स्वयंपाकघरात अकरा भांडी जमली होती, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. समोरच्यांनी कोंबडी-भात आणला होता, पलीकडच्यांनी उकडलेल्या शेंगा. चर्चच्या बायकांचा केक एवढा जड होता की नवऱ्याला, टेरेलला, तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून मालकिणीचं नाव लिहिलेलं होतं.

उत्तरेतल्या नेवार्क शहरात त्यांच्या मजल्यावर दीड वर्ष एक माणूस राहत होता. त्याचं नाव कोरिनला कधीच कळलं नाही. इथे शनिवारी गाडीतून उतरल्या उतरल्या तिघांनी तिचं नाव विचारलं आणि चौथ्याला ते आधीच माहीत होतं.

नेवार्कला दोन खोल्यांना जे भाडं पडायचं, त्यात इथे अख्खं घर मिळालं होतं. पुढे ओसरी होती, मागे पायऱ्या आणि पीचचं झाड होतं. टेरेल लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि आता येऊन पडला होता अशा गावात, जिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. पण शाळेला बॉयलर सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. तो दुपारी जेवायला घरी यायचा आणि शीळ घालायचा. लग्नाला बारा वर्षं झाली, तो शीळ घालतो हे कोरिनला नव्यानेच कळत होतं.

घोर होता तो फक्त जूनीचा. पोर नऊ वर्षांची, आणि पाच वर्षांतलं हे तिचं चौथं घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाच्या पिल्लाला दर वेळी नवी शाळा नसते. जूनीचं खोकं तिच्या खोलीत भिंतीशी उभं होतं, बांधलेलं. ती त्यातून रोज एक कपडा काढायची आणि धुतला की परत आत ठेवायची.

"उघड की गं खोकं," कोरिन म्हणाली. "ही शेवटची खेप. आता कुठे जायचं नाही."

"मागच्या वेळीही शेवटचीच होती," जूनी म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने ते बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

आठवड्याच्या शेवटी कोरिनने सगळी भांडी घासून लख्ख केली आणि घरोघरी परत दिली. समोरच्या मिस व्हर्डेलनी आपलं भांडं हातात घेतलं, आत डोकावल्या आणि कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, रिकामं?"

"धुतलंय मी."

"धुतलंयस गं, दिसतंय! पण रिकामं भांडं परत देणं म्हणजे 'तुमचं नि आमचं संपलं' म्हणणं. उत्तरेत काय शिकवतात काय तुम्हाला?" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांचा कुत्रा उठून आत गेला.

कोरिनही हसली. मग म्हणाली, "एक उरलंय. निळ्या काठाचं. पहिल्या दिवशी मागच्या पायरीवर होतं, आत पीचच्या फोडींचा गरमागरम, गोड कॉबलर. ऑटलीन म्हणून नाव आहे. कुठे राहतात त्या?"

मिस व्हर्डेलचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त आवाज गेला.

"तुला कॉबलर दिला? ऑटलीननं?" त्यांनी कोरिनचा हात धरला. "अगं, मग तुम्ही टिकलात! तुमच्याआधी तीन कुटुंबं आली त्या घरात. एकालाही दिला नव्हता. वर्षाच्या आत घर सोडून गेली बिचारी."

"पण राहतात कुठे?"

"तिथेच की. तिचंच घर ते. वारली त्याला अकरा वर्षं होतील." त्यांनी भांडं काखेत घेतलं. "मागच्या पायरीवर ठेव. आणि भरून ठेव हं!"

कोरिन हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत आलेली बाई. नाव आहे म्हणजे कुणीतरी ते लिहिलं आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक. गावच्या बायका थट्टा करताहेत, दुसरं काय! तिने भांडं उलटं करून पट्टीचा कोपरा नखाने सोडवला. खाली दुसरी पट्टी होती, पिवळी पडलेली. तिच्यावर आणखी जुनं नाव, 'हेसी'. त्याखाली आणखी एक होती, पण तिच्यावरची शाई उडाली होती. कोरिनने कोपरा दाबून पुन्हा चिकटवला.

तिने मॅकरोनी-चीज केलं, भांडं भरून मागच्या पायरीवर ठेवलं आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसली. टळटळीत दुपार होती. नुकतंच अंगणात पाणी मारलं होतं, माती ओली होती. कपडे धुण्याचं यंत्र वाजलं तशी तिने मान वळवली. पुन्हा पाहिलं तर पायरी मोकळी होती.

चिखलात एकही पाऊल नव्हतं.

संध्याकाळी जूनी मागच्या दारातून आत आली. "मीठ कमी होतं म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"बाई." आणि ती हात धुवायला गेली.

मीठ घालायचं कोरिन खरंच विसरली होती.

तिने टेरेलला सांगितलं. तो म्हणाला, "नेवार्कला शेजारी भिंत बडवायचे. इथले मीठ कमी म्हणतात. मला हेच बरं."

भांडं जात-येत राहिलं. कधी भोपळ्याची भाजी आली, कधी मक्याचा पाव. कोरिन घाबरली नाही असं नाही. पहिले काही दिवस तिने मागच्या दाराला दोन कड्या लावल्या. पण पोरीच्या गालांवर मांस चढत होतं. शाळेत तिला डॅफ्नी नावाची मैत्रीण मिळाली. आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी कोरिन तिच्या खोलीत गेली, तर खोकं रिकामं, चपटं करून दाराशी ठेवलेलं होतं. पुस्तकं फळीवर होती, मोजे खणात. कोरिन पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली. इतकं सुख तिला फार दिवसांत झालं नव्हतं.

रडून झाल्यावर ती मागच्या पायरीवर गेली. कुणी नव्हतं. ती तरीही म्हणाली, "आभार हं. आम्ही आता कुठे जात नाही. माझी पोर इथेच राहील."

पीचच्या झाडाची पानं हलली. वारा असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडं आलं. कॉबलर होता, कडेने रस अजून उकळत होता. पीचचा हंगाम कधीच सरला होता.

जूनी शाळेतून आली आणि थेट चमचा घेऊन बसली. कोरिनने तिला वाढलं, आणि भांडं उचलताना बोटांना बुडाशी काहीतरी नवं लागलं. तिने ते तिरपं करून पाहिलं.

'ऑटलीन'वर आता नवी पट्टी होती, पांढरी शुभ्र, आणि तिच्यावर नाव होतं 'जूनी'. अक्षर म्हातारं, थरथरलेलं, ओळ खाली घसरलेली. पण नावाच्या पहिल्या अक्षराच्या शेपटाला एक बारीक चांदणी काढलेली होती. तशी चांदणी फक्त जूनी काढायची, पहिलीत असल्यापासून.

कोरिनने भांडं हळूच टेबलावर ठेवलं.

"जूनी, हे तू लिहिलंस?"

जूनीने वाकून पाहिलं. तोंडात घास होता.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

आणि तिने बशी पुढे केली.