धुतलेली शाल

"धुतलीस? तू ती धुतलीस?"

पोरीच्या किंकाळीने लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या हातातली ओली शाल गळून पडली. उभा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेलेला. मळकी शाल दिसली आणि मायेपोटीच त्यांनी ती साबणात बुडवली होती. युद्धातून एकटी जीव घेऊन आलेली, सरकारने त्यांच्या ओटीत घातलेली ही परक्या मुलखातली पोर... तिच्यापाशी आईचं म्हणून तेवढंच उरलं होतं. त्या शालीतला आईच्या अंगाचा वास! आणि तो आता मोरीतून वाहून गेला होता...

त्या दिवसापासून पोर बोलेना, जेवेना. बूट घालूनच दाराशी झोपे.

"परत पाठव तिला," नणंद म्हणाल्या. घरात त्यांना सारे अक्का म्हणत, आणि अक्कांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. "खायला घातलं, अंथरूण दिलं. आता काय सिंहासन हवंय?"

"डॉक्टर हवाय, अक्का. मनाचा."

"वेड्यांचा? उद्या गिऱ्हाइकं तोंड फिरवतील!"

"फिरवू देत. आपापले कपडे स्वतः धुतील!"

नवऱ्याला हसू फुटलं. बहिणीने पाहताच तो घाईने इस्त्रीवर वाकला.

"चूक माझी आहे," बाईंचा आवाज चढला. "ती गेली तर मीही जाईन! अंगात ताप असता तर तुम्हीच धावला असता ना? मग मन पोळलं, तर लाज कसली?"

अक्कांनी अबोला धरला. बाई मात्र दर मंगळवारी ऐन गर्दीत काउंटर नवऱ्यावर सोडून, पोरीचा हात धरून, ताठ मानेने गल्लीतून जात राहिल्या. डॉक्टरीणबाईंपुढे पोर आधी नुसती भिंतीकडे पाही. मग चित्रं काढू लागली. आणि एकदा रडली... पोटातून, हमसून हमसून! हळूहळू बूट काढून झोपू लागली.

एका मंगळवारी अक्का दारात आडव्या आल्या.

"बाजूला व्हा अक्का. आज भांडण नको."

"भांडत नाही गं..." अक्का म्हणाल्या. "माझं बाळ पाळण्यातच गेलं, तेव्हा सगळे म्हणाले, कामाला लाग, विसरशील. पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही... मीही नाही. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्यांनाही बघतात का गं?"

बाईंना हुंदका आवरेना. पोरीनेच अक्कांचा हात धरला. "चला ना. उशीर होतो."

समोरच्या न्हाव्याने हाक मारली, "अक्का, आज कुठे स्वारी?"

अक्का थांबल्या. डोळे पुसले, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मनाच्या डॉक्टरकडे! येताय?"