गिरणीवाल्याने दिलेली उशी

शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवा आणि जरा जवळ बसा, मुलांनो. जे सांगणार आहे ते मला ग्विन्याईने स्वतः सांगितले, आणि ग्विन्याईला खोटे बोलताना या चिपिंगे गावात आजवर कोणी पाहिलेले नाही.

जुलै महिना होता, म्हणजे आपल्याकडचा ऐन हिवाळा. घरातले पीठ संपले म्हणून एका शनिवारी दुपारी तो मक्याची बादली घेऊन मादझोरेच्या गिरणीकडे निघाला. काम एवढेच. परंतु चालताना त्याचा तोल जात होता. कारण वर्षभरात त्याला सलग अशी झोप मिळालेली नव्हती, आणि तो पेशाने बसचालक होता. मालकाने त्याला स्पष्ट बजावले होते, "महिनाअखेरपर्यंत झोपायला शीक, नाहीतर किल्ली परत कर. तुझ्या जांभयांवर मी उतारूंचे जीव टांगून ठेवणार नाही."

उपाय काय थोडे झाले होते? दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्यांनी जीभ जड होई, डोळे मात्र टक्क उघडे राहत. पांढऱ्या झग्यातल्या प्रार्थनावाल्यांनी मंतरलेल्या पाण्यात खडे घालून दिले. पाणी पिऊन झाले, खडे उशाशी ठेवून झाले. सासूबाईंनी धाडलेला पाला त्याच्या बायकोने, सेकाईने, दुधात उकळून पाजला, तेव्हा त्याची सारी रात्र परसाकडे धावण्यात गेली. झोपेचा पत्ता नव्हता.

गिरणीवाला मादझोरे हा ग्विन्याईचा साहविरा. हे नाते रक्ताचे नव्हे, परंतु दोन्ही घराण्यांत आजे-पणज्यांपासून चालत आलेले. साहविऱ्याने चारचौघांत तुमची यथेच्छ टिंगल करावी, तुमच्या प्रेताला आंघोळ घालावी, तुमच्या मयतीत तुमचीच नक्कल करून रडणाऱ्यांना हसवावे, आणि सख्खा भाऊ जे बोलायला धजत नाही ते सत्य तुमच्या तोंडावर बोलावे. त्याच्यावर रागवायचे नाही. त्याने खोटे बोलायचे नाही.

"आलास का रे घुबडा!" मादझोरे गिरणीच्या घरघरीतून ओरडला. "काय ते डोळे! बायको भीत नाही का रात्री?"

"ती घोरते. मी ऐकत पडतो."

"चांगले आहे. तुझ्या मयतीत माझे काम सोपे. उघड्या डोळ्यांनीच पुरतो तुला, फरक कोणाला कळणार आहे?"

दोघेही हसले. मग मादझोरेने गिरणी बंद केली, आत गेला आणि एक लाकडी उशी घेऊन आला. जुन्या माणसांची असे तशी, दोन पायांवर उभी, वरची पट्टी माना घासून गुळगुळीत झालेली.

"माझ्या आजोबांची. यावर मान टेकली की झोप आलीच म्हणून समज."

"आजोबांची उशी मला? अरे, ती तुझ्या मुलाची."

"तो लोळतो फोमच्या गादीवर. तुला हवी की नको, तेवढे बोल."

आपल्याकडे दिलेली वस्तू कोणी नुसती उचलत नाही. ग्विन्याईने बादली खाली ठेवली, गुडघे किंचित वाकवले, तळवे जुळवून टाळ्या वाजवल्या आणि मगच दोन्ही हातांनी उशी स्वीकारली. मादझोरे उशीकडे पाहत नव्हता. त्या टाळ्यांकडे पाहत होता. शेवटची टाळी वाजल्यावर त्याने मोठा श्वास सोडला.

त्याच रात्री ग्विन्याई झोपला. मेल्यासारखा झोपला. सकाळी सेकाईने हलवून उठवले तेव्हा आनंदाने तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या रात्री तसेच. तिसऱ्याही. मालकाने पाठ थोपटली, बस त्याच्याच हाती राहिली. एवढेच की, सकाळी त्याचे पाय भरून आलेले असत आणि तळव्यांना धूळ लागलेली असे. झोप लागते आहे ना, मग धुळीचा विचार कोण करतो?

अमावास्येच्या आदल्या दिवसाची, गुरुवारची रात्र.

थंडीने त्याला जाग आली. तो उभा होता.

अंथरुणात नव्हे. मादझोरेच्या गिरणीच्या बंद दारापुढे. अंगात नुसता बनियन, पाय अनवाणी, हातात लोखंडी सळई. समोर टांगलेला, राखणदाराने पहाऱ्यावर ठोकायचा रेल्वेच्या रुळाचा तुकडा नुकताच कोणीतरी ठोकल्यासारखा घुमत होता...

सळई त्याच्याच हातात होती.

ती टाकून तो पळत सुटला. घर आले. खिडकीचा पडदा अर्धवट सरकलेला होता. आत दिवा मिणमिणत होता. सेकाई झोपली होती. आणि तिच्या शेजारी... त्याच्या पांघरुणात...

पाठ खिडकीकडे. मान लाकडी उशीवर. श्वास संथ, तृप्त.

त्याने दार ठोठावले.

आतून सेकाईचा झोपाळलेला आवाज. "अहो... दारात कोणीतरी आहे."

उत्तर आले. ग्विन्याईच्याच आवाजात.

"झोप तू. राखणदार असेल."

त्याला ओरडायचे होते. तोंडातून वाफ निघाली. आवाज नाही. पुन्हा ठोठावले. आत दिवा विझला...

कोंबडा आरवला तेव्हा तो आपल्या अंथरुणात होता. बोटे निळी पडली होती. सेकाई चूल पेटवत होती. उशी काखोटीला मारून तो तडक गिरणीवर गेला.

"काय रे, आज झोप फार झाली वाटते?" मादझोरे म्हणाला.

"कोणाची आहे ही?"

मादझोरे हसायला गेला. हसू आले नाही.

"...सिमांगोची."

सिमांगो हा गिरणीचा रात्रीचा राखणदार, सीमेपलीकडून आलेला. मागच्या हिवाळ्यात तो अचानक आपल्या गावी निघून गेला, असे मादझोरेनेच सर्वांना सांगितले होते.

"पहाऱ्यावर झोपलेला सापडला, याच उशीवर," मादझोरे म्हणाला. "मी उशी-पांघरूण काढून घेतले. म्हटले, बाहेर उभा राहा, रूळ ठोकत राहा, म्हणजे जागा आहेस हे मला कळेल. आतून कडी लावली. ठोकत होता रे... बराच वेळ. मग थांबला. मला वाटले, हट्टाने थांबला."

"आणि?"

"सकाळी लाकूड झाला होता. गिरणीमागे पुरला. तेव्हापासून रोज रात्री रूळ वाजायचा. माझा डोळा लागेना. देवऋषी म्हणाला, त्याच्या माणसांपुढे जाऊन कबूल हो. ते होत नसेल तर त्याला या उशीत बांधून देतो. पण टाकून चालणार नाही. कोणीतरी टाळ्या वाजवून, आपखुशीने घेतली पाहिजे."

"म्हणून माझ्या गळ्यात घातलीस?"

"दुसऱ्या कोणाचा माझ्यावर एवढा विश्वास आहे, ग्विन्याई?"

"तू माझ्या प्रेताला आंघोळ घालणार होतास," ग्विन्याई म्हणाला.

त्यावर मादझोरेला टोमणा सुचला नाही. साहविऱ्याला टोमणा सुचला नाही असे मी माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलेले नाही.

पुढचे सरळ आहे. ग्विन्याई गावच्या मुखियाकडे गेला. पोलिसांनी गिरणीमागची जमीन उकरली आणि मादझोरेला नेले. सिमांगोच्या अस्थी घेऊन मुखिया आणि ग्विन्याई सीमेपलीकडे त्याच्या म्हाताऱ्या आईकडे गेले. ग्विन्याईने तिला काहीही न लपवता सारे सांगितले. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. उशी तेवढी ओढून मांडीवर घेतली, तान्हे मूल घ्यावे तशी.

परत आल्यावर पहिल्याच रात्री त्याला झोप लागली. तुटक, हलकी, परंतु स्वतःची. उजाडले तेव्हा तो होता तिथेच होता. त्याला वाटले, सुटलो.

न्याहारीच्या वेळी सेकाईने त्याच्यापुढे लापशी ठेवली. तिच्या मनगटात गवताचे विणलेले कडे होते, बारीक वेणीचे, सीमेपलीकडच्या बायका घालतात तसे.

"हे कोणी दिले?"

"इश्श, विसरलात?" ती लाजून हसली. "त्या गुरुवारी रात्री तुम्हीच तर बांधलेत. दारावर कोणी ठोठावत होते, मी भ्यायले होते. तुम्ही दिवा मालवलात, मला जवळ घेतलेत आणि अंधारातच विणत बसलात. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एवढ्या मायेने तुम्ही कधी बोलला नव्हता हो."

ग्विन्याईला गवत विणता येत नाही.

त्या रात्रीबद्दल त्याने तिला अजून काही सांगितलेले नाही. कडे काढ म्हणावे, तर ते कोणी बांधले हेही सांगावे लागेल. बस त्याने मालकाला परत केली. आपली जागा पुन्हा कोणी घेऊ नये म्हणून आता तो रात्रभर जागा असतो आणि कोणताही उपाय करत नाही. शेजारी ती झोपलेली असते, मनगट उशाखाली घेऊन, गालात हसत.

हा तिसरा हिवाळा. मागच्या रविवारी तिने मला चहा दिला तेव्हा ते कडे मी जवळून पाहिले.

गवत अजून ओले आहे, नुकतेच कापल्यासारखे.