शुभेच्छुकांनी पाडलेली वेबसाइट

"तुमचा सर्व्हर मेलाय!" मी फोनवर ओरडले.

"मॅडम, सर्व्हर ठणठणीत आहे," पलीकडून उत्तर आलं... आणि गंमत म्हणजे, तेच वाक्य माझ्या पाठीमागूनही आलं.

मी वळले. पनवेल एसटी स्टँडजवळच्या त्या ज्यूस सेंटरात, मागच्याच टेबलावर, हेडफोन लावलेला एक मुलगा माझ्याकडे बघत होता. आमची वेबसाइट ज्या कंपनीकडे आहे, तिथला सपोर्टवाला – प्रणित. उलव्यात त्याच्या बिल्डिंगजवळ जेसीबीने केबल तोडली, म्हणून इथे येऊन बसलेला. डोळे इतके शांत, की मला आणखीच राग आला.

"पाच वाजता आईच्या आगरी मसाल्याचं बुकिंग उघडणार," मी फोन न ठेवताच म्हणाले. "वर्षातून एकदाच! तिची सगळी मेहनत पाण्यात जाईल, आणि तुम्ही मोसंबी पिताय?"

"साइट पडायच्या आधी काही बदललंत?"

"काही नाही."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"म्हणजे... थोडं सेटिंग."

सांगावंच लागलं. आमच्या रोडपालीत बॅनर लागला, की खाली शुभेच्छुकांचे फोटो हवेतच. एक चेहरा राहिला तर वर्षभर अबोला. वेबसाइट म्हणजे आईच्या मसाल्याचा बॅनरच, असं दाजीकाकांचं मत. म्हणून मी फोटोंच्या आकाराची मर्यादा काढून टाकली आणि अख्खी भावकी पहिल्याच पानावर चढवली. तेव्हापासून पान उघडायला गेलं की साइट आडवी.

प्रणित लॅपटॉप उचलून, खुर्ची ओढून शेजारी आला. "जुनं सेटिंग जपून ठेवलंय?"

"नाही."

"छान!" तो हसला. हसताना त्याचा एक दात जरासा पुढे येतो, हे मी – रागातच, बरं का – पाहून घेतलं.

त्याने मर्यादा परत लावली. साइट उघडली, मोठे फोटो मात्र गायब. लगेच दाजीकाकांचा फोन.

"हेतल, माजा फोटो कुठं गेला गं? आमी घरचे नाय का?"

मी घाबरून फोन प्रणितच्या हातात दिला.

"काका, तुमचा फोटो फार मोठा आहे, साइटला पेलत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "जरा लहान करून सगळ्यात वर लावतो."

काका चक्क खूश झाले!

मग आम्ही एकेक फोटो लहान करत बसलो.

"या कोण?"

"जनीआत्या. चिडते."

"आणि हा गॉगलवाला?"

"हरेशदादा. जास्त चिडतो."

"तुझ्या घरात न चिडणारं कोणी आहे?"

"मी."

त्याने मोसंबी शर्टावर सांडली.

पाच वाजले. साइट उभीच राहिली... आणि ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या. आईचा फोन आला, ऑर्डरी मोजता मोजता ती रडायलाच लागली. माझेही डोळे भरून आले.

"तक्रार बंद करू?" प्रणितने विचारलं. बोट मात्र हवेतच थांबलं. "बंद केली, की तुझा पुढचा फोन दुसऱ्याच कुणाला तरी लागेल."

"आणि उघडी ठेवली तर?"

"तर मला रोज तुला फोन करावा लागतो... नियमच आहे."

"रोज?"

"रविवार सोडून."

हा मुलगा मला आवडला होता, आणि त्यात आता तपासून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याचा लॅपटॉप हळूच मिटला.

"रविवारी मी करीन."