धुराड्यावरचा लाल दिवा

विमानांना उंच बांधकाम अंधारात दिसावं म्हणून त्याच्या टोकावर लाल दिवा असतो. असे बरेच दिवे चालू ठेवणं तिचं काम होतं, पण बंद कारखान्याच्या धुराड्यावरचा हा एक महाखोडकर. नवा बसवावा तर दोन दिवसांत मान टाकायचा. तिच्या आधीच्या दोघांनी या धुराड्याला कोपरापासून हात जोडले होते.

त्या संध्याकाळी धुकं उतरत होतं. हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर पेशंटला घेऊन याच वाटेने परतणार होतं आणि त्यात नर्स म्हणून तिची धाकटी बहीण होती. अंधार पडायच्या आत दिवा लागला नाही तर काय होईल, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"आज राहू द्या, बाई," वॉचमन हळूच म्हणाला. "त्या दोघांनाही वरून ठोके ऐकू आले. दिवा न लावताच उतरले."

"माझी बहीण येतेय, काका. ठोक्यांचं मी बघते."

शिडीवर काम करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. अरुंद शिडीवर दोघं समोरासमोर येऊ नयेत म्हणून उतरणारा लोखंडावर दोन ठोके देतो. चढणाऱ्याने मधल्या फळीवर थांबायचं आणि तो खाली जाईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. हा रिवाज मोडणाऱ्याला कोणी सोबत घेत नाही.

ती फळीवर पोचली आणि वरून ठोके आले. टण... टण.

पाय आपोआप थबकले. ओल्या लोखंडाच्या वासात आता जळक्या केसांचाही वास होता. पावलं एकेक पायरी उतरत आली आणि तिच्या डोक्यावर थांबली. दिसत मात्र कोणीच नव्हतं. उजेड ओसरत चालला, तरी ते खाली येईना.

मग तिच्या ध्यानात आलं. आधीचे ते दोघंही इथेच थांबले असणार, काळोख होईपर्यंत, शहाण्यासारखे. वरच्याला उतरायचं नव्हतंच. तिच्या भीतीपेक्षा राग मोठा होता.

तिने पान्याने गजावर दोन ठोके हाणले. "उतरायचं तर उतर... नाहीतर बाजूला हो. मी वर येतेय."

चढताना गज हाताला गरम लागले. मानेवर कोणाचा तरी श्वास आला, पण तिने मागे पाहिलं नाही. टोकावरचा दिवा शाबूत होता. कोणीतरी फिरवून सैल केला होता. तिने दातओठ खात तो आवळला. तो लागला, आणि थोड्याच वेळात हेलिकॉप्टर घरघरत बाजूने सुखरूप निघून गेलं.

ती खाली उतरते तोच फोन वाजला.

"ताई, पोचलो. पेशंट आत गेला. तुझा दिवा दिसला म्हणून वाचलो गं." बहिणीचा आवाज दबका होता. "पण त्याच्या वर दुसरा कशाला लावलास?"

"मी एकच लावलाय."

"नाही गं... दुसरा होता. तो आमच्या मागोमाग आला. आता इथे हॉस्पिटलच्या गच्चीवर आहे... माझ्यासमोर."

ताईने मोटरसायकलची किल्ली फिरवली. "त्याच्यासाठी थांबू नकोस. सरळ जिन्याने खाली ये. मी निघालेय."

पलीकडे जिन्याचं दार करकरलं.

"ताई... जिन्यातपण लाल उजेड आहे."

"असू दे. त्यातूनच ये," म्हणत ताईने किक मारली.